स्टूर

अहमदीच्या दक्षिणेला, टाक्यांच्या यार्डात,
काम बंद पडलं की वहीत कारण लिहावं लागतं.
मार्चमधल्या एका दुपारी क्षितिज तपकिरी झालं,
आधी क्रेन गेली, मग नऊ नंबरची टाकी,
मग माझाच पुढे केलेला हात.
फार्कर साहेबानं कारणाच्या रकान्यात लिहिलं:
स्टूर.

आठ दिवसांनी हेड ऑफिसचा मेल.
हा कोणता शब्द? खुलासा करावा.
खुलासे करायला मी. पगार त्याचाच.

मी लिहिलं, धूळ. इंग्रजीतली, साधी, कुणालाही कळेल अशी.
म्हातारा खांद्यावरून वाचत होता. नाही म्हणाला.
टेबलावर बोटानं रेघ ओढली: ही धूळ.
मग हनुवटीनं दार दाखवलं.
फटीतून उन्हाचा पट्टा आत आला होता
आणि त्यात काहीतरी गरगरत होतं, थांबायचं नाव नाही.
ते स्टूर. उडतंय तोवर.
बसलं की संपला शब्द.

मी पेन ठेवलं.
आमच्याकडे धूळ चारतात, डोळ्यांत फेकतात,
फायली धूळ खात पडतात, माणसं धुळीला मिळतात.
सगळं खाली पडल्यानंतरचं.

आबर्डीनच्या मागे कुठेसं त्याचं गाव.
ओटची मळणी, कोठाराचं दार, आत दिसेनासा झालेला बाप.
आई म्हणायची, स्टूरसारखा जा आणि पाव घेऊन ये.
म्हणजे पळत.
आमच्यात धूम ठोकतात, मी म्हणालो.
धूर काय, धूळ काय, पळणाऱ्याला सारखंच.
हा शब्द वर्गात तोंडातून गेला म्हणून
मास्तरनं चामड्याचा पट्टा मारला होता.
त्यानं तळहात पुढे करून दाखवला.
तिथे काही नव्हतं. ग्रीस होतं.

आणि मला मंठ्याकडची मळणी आठवली,
थ्रेशरची थरथर, वडलांच्या नाकाला बांधलेला पंचा,
घशात जाऊन बसणारा तो
खकाणा.
तेवीस वर्षं जिभेवर आला नव्हता.
पुण्याच्या होस्टेलात एकदाच आला,
तेव्हा खोलीतल्या तिघांनी तो आठवडाभर उडवला.
मग मी धूळ म्हणायला शिकलो.
कुठेही बसते ती.

साहेब, खकाणा, मी म्हणालो.
त्यानं म्हणून पाहिला.
ख जरा खरवडून आला, घसा साफ केल्यासारखा,
पण आला. पुण्यापेक्षा बराच बरा.
दारात उभा असलेला मिशारी, गेटवरचा,
डोक्याचा रुमाल झटकत म्हणाला, तोझ.
तिघांच्या दातांत तेव्हा एकच चीज कचकचत होती.

खुलासा गेला:
हवेत असलेली. बसलेली नव्हे.
हेड ऑफिसला पटलं. त्यांनी तो यादीत घातला.
आता कॉम्प्युटरवर कारण निवडायचं असतं:
वारा, उष्मा, वीज नाही, स्टूर.

फार्कर गेल्या सप्टेंबरात गेला. मग ठेवून गेला,
कान तुटलेला, म्हणून असेल.
नवा पोरगा तेजेंद्र, धनकुट्याचा,
खिडकीतून ओरडतो, भैया, स्टूर आ रहा है!
मग हळूच विचारतो, इसका फुल फॉर्म क्या है?
मी सांगत नाही.

काल घरून भावाचा फोन.
पन्नाशी आली, आता बस की एका जागी.
हो म्हणालो. पलीकडे टीव्ही चालू होता,
त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

आज अकरालाच अंधारलं.
कॉम्प्युटर पडला, जुनी वही काढली,
तिच्यावरची फुंकर मारून उडवली
आणि रकान्यात, देवनागरीत, लिहिलं:
खकाणा.

संध्याकाळचे सहा झालेत.
अजून कुणी खुलासा मागितलेला नाही.